पुथदला जाणारी गाडी

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकही गोष्ट कुणापासून लपवली नाही, आणि जी एकच लपवायला गेले ती लाउडस्पीकरवरून अख्ख्या तालुक्याला ऐकू गेली. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते बसस्टँडवर नियंत्रक आहेत. खिडकीमागे बसून गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. भाऊजी अजून नोकरीत आहेत आणि मला अजून ताईकडे जेवायला जायचं असतं. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान स्टँडच्या भिंतीला लागूनच आहे. त्यामुळे इतकी वर्षं भाऊजींचा आवाज मला न मागता मिळत आला आहे, वाऱ्यासारखा आणि डिझेलच्या वासासारखा.

आवाज मात्र खरोखर देखणा. आवाजाला देखणा म्हणतात की नाही मला ठाऊक नाही, पण भाऊजींना पाहण्याआधी ज्यांनी ऐकलंय ते सगळे असंच म्हणतील. खिडकीत बसलेला किरकोळ अंगाचा, वरचे दात पुढे आलेला माणूस आणि तो भरदार आवाज यांचा मेळ नव्या प्रवाशाला लवकर लागत नसे. लोक खिडकीतून वाकून दुसरा कोणी आत बसलाय का ते बघायचे. या आवाजाची भाऊजी तान्ह्या पोरासारखी काळजी घेत. मे महिन्यात, आमच्याकडे डांबर पायाला चिकटतं त्या दिवसांत, गळ्याला मफलर. माठातलं पाणी नाही. खिशात ज्येष्ठमधाची काडी. भज्यांचा घाणा निघाला की सारा स्टँड तिकडे धावायचा आणि भाऊजी खिडकी लावून घ्यायचे, कारण तेलाचा धूर घशाला बाधतो. माईकसमोर त्यांची भाषा छापील पुस्तकासारखी असायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" या चार शब्दांना ते असा मान देत की बसलेली माणसं सावरून बसत. आणि माईकचं बटण बंद झालं की त्याच तोंडातून, "काहून बे, तिकडे कुठी चालला? तुही गाडी इकडे लागली ना!" ही दोन माणसं एकाच खुर्चीवर कशी मावतात याचं मला नवल वाटे.

घरीही तेच. ताईनं पोळी तव्यावर टाकली की भाऊजी पाटावरून जाहीर करणार, "पहिली पोळी थोड्याच वेळात ताटात येत आहे." सुटीच्या दिवशी माणूस घरी लोळतो, हे सुटीच्या दिवशी पुसदला, उमरखेडला, पार ढाणकीपर्यंत जाऊन तिथल्या स्टँडवर बाकड्यावर बसत आणि तिथले नियंत्रक कसे बोलतात ते ऐकून येत. आल्यावर अभिप्राय. "बोलते बरा, पन गावाचं नाव गिळते. गावाचं नाव गिळलं तं मंग उरलं काय?"

आता त्या दातांविषयी. पुढे आलेल्या दातांचं भाऊजींना काडीचंही वाईट वाटत नसे. उलट त्यांचा सिद्धान्त असा, की दात पुढे असले म्हणजे आवाजाला दरवाजा उघडा मिळतो. पण दोन-तीन वर्षांपूर्वी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. खालचे दात वर टाळूला टोचायला लागले, वरचे समोरचे दोन हलायला लागले. मी त्यांना यवतमाळला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी सगळं तपासून सांगितलं की दात जागेवर आणले नाहीत तर समोरचे दात काही वर्षांत जातील. भाऊजींना दातांचं दुःख नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "समोरचे दात गेले तं आवाजातून हवा जाईन." तारा लावायचं तिथेच ठरलं. अडचण एकच होती. बावन्नाव्या वर्षी तोंडात चकचकीत तारा घेऊन खिडकीत बसायचं कसं? त्यांची मुलगी कॉलेजात शिकते, तिच्यासुद्धा तोंडात तारा नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दातांच्या मागच्या बाजूनं बसवता येतात, बाहेरून कुणाला कळणारही नाही.

त्या बाई अगदी सरळ होत्या. त्यांनी फायदे सांगितले तसे तोटेही सांगितले. दिसणार नाहीत, दातांच्या दर्शनी बाजूवर डाग पडणार नाहीत. पण जीभ सारखी घासली जाईल, सुरुवातीला चट्टे पडतील. घास अडकेल, साफ करायला वेळ लागेल. दरवेळी इथे खुर्चीत जास्त बसावं लागेल. आणि काही आठवडे बोलणं बदलेल, काही अक्षरं नीट येणार नाहीत. जीभ नवी जागा शिकली की मग येतील. भाऊजींनी यातलं 'दिसणार नाहीत' एवढंच ऐकलं. मी जिना उतरताना म्हणालो, "भाऊजी, बोलण्याचं त्या काय म्हणाल्या ते ऐकलं ना?" तर म्हणाले, "साळेबुवा, ते लोकाईसाठी हाय. माही जीभ तयार हाय." आणि मग पायरीवर थांबून माझा हात धरला. "ताईले सांगू नको. कोनालेच सांगू नको."

तारा बसल्या त्या दिवशी परतीच्या गाडीत भाऊजी गप्प होते. त्यांच्याशेजारी बसून मी गप्प प्रवास केलेला तो पहिलाच. दिग्रसचा एक ओळखीचा माणूस भेटला, त्यानं विचारलं, कुठून येताय? भाऊजींनी खिडकीबाहेर बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं आणि स्पीकरमधून आवाज आला: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुथदला जाणारी बथ फलाट क्रमांक थहावर लागली आहे."

सगळा स्टँड थांबला. रफीकभाई म्हणून आमच्या ओळीतले ऑटोवाले आहेत, भाऊजींचे जुने दोस्त. ते सीट पुसत होते ते फडकं हातात घेऊन माझ्याकडे आले. "भाई, ये क्या हुआ? साहेबाची तब्येत बरी हाय ना?" मी शपथेनं बांधलेला. म्हणालो, घसा बसला असेल. रफीकभाई म्हणाले, "घसा बसला तं आवाज बसते. सिर्फ 'स' कैसे बैठेगा?"

दुपारपर्यंत गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे लकवा मारला, दुसरा म्हणे सकाळीच घेऊन येतात. लकव्यावाले दयाळू होते. त्यांच्यातली एक म्हातारी खिडकीतून जायफळ देऊन गेली, एकानं कबुतराचं रक्त सुचवलं. दारूवाल्यांनी मात्र डेपो मॅनेजरांच्या कानावर घातलं. ज्या माणसानं घशासाठी माठाचं पाणी सोडलं, त्याच्याविषयी हे. आणि घरी ताई वेगळीच घाबरलेली. नवरा बोलत नाही. भाकरी नको म्हणतो, ठेचा नको, शेंगा नको. खिचडी कालवून लहान मुलासारखी गिळतो. जेवला की मोरीत दार लावून अर्धा तास. (आत बसून ते बाटली धुवायच्या ब्रशच्या पिल्लासारखा एक इवलासा ब्रश दातांमागून फिरवत असत आणि जीभ कापू नये म्हणून तारांवर मेणाच्या गोळ्या दाबत असत.) बाहेर आले की तोंडाला औषधासारखा झणझणीत वास. ताईनंही शेवटी दारूवाल्यांचं खरं धरलं. दुकानात येऊन पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "खरं सांग रे, हे प्यायला लागले का? इतक्या वर्षात कधी नाई, आन् आता कायले?" मी शपथ मोडायच्या बेतात होतो. पण पायरीवर भाऊजींचा हात माझ्या हातावर जसा गच्च बसला होता तो आठवला आणि म्हणालो, तसं काही नाही, ताई, धीर धर. त्या धीराचं मला आजही वाईट वाटतं.

भाऊजींनी मात्र धीर धरला नाही, त्यांनी युक्ती काढली. 'स' येत नाही ना, मग 'स' वापरायचाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्पीकर बोलला: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पाचच्या पलीकडच्या फलाटावर, उमरखेडच्या अलीकडच्या मोठ्या गावाला जाणारी गाडी उभी आहे. मधल्या गावांच्या मंडळींनी याच गाडीत चढावे." उच्चार निर्दोष. अक्षर न् अक्षर मोत्यासारखं. मी दुकानातून खिडकीकडे पाहिलं, तर भाऊजी विजयी मुद्रेनं मफलर सारखा करत होते. बाकड्यावरची माणसं मात्र एकमेकांना विचारत होती, "उमरखेडच्या अलीकडचं कोनतं गा?" पुसदवाले कसेबसे समजले. दिग्रस तर 'मधल्या गावां'त पार नाहीसं झालं होतं.

त्या गाडीनं रोज दिग्रसकडच्या एका शाळेत जाणाऱ्या संगीताच्या बाई होत्या. पस्तिशीच्या, जन्मापासून अंध. रोज ठरलेल्या बाकड्यावर बसायच्या, पांढरी काठी मांडीवर. कुणाला काही विचारायच्या नाहीत, कुणाचा हात धरायच्या नाहीत. भाऊजींनी "दिग्रस" म्हटलं की उठायच्या आणि मोजून पावलं टाकत थेट गाडीच्या दाराशी जायच्या. त्या दिवशी दिग्रस कुणी म्हणालंच नाही. त्या बसून राहिल्या. शेजारी इंजिन सुरू झालं, गडबड उडाली, उशीर झालाय हे त्यांना घड्याळ चाचपून कळलं असेल. त्या घाईनं उठल्या आणि निघालेल्या गाडीत चढल्या. ती आर्णीची होती. तिकीट काढताना चूक कळली. त्या पुढच्या फाट्यावर उतरल्या, परतीची गाडी एवढ्यात येईल म्हणून. ती वाटेत पंक्चर झाली होती.

साडेदहाच्या सुमारास स्टँडवरचा फोन वाजला. मी तेव्हा भाऊजींना चहा द्यायला आत गेलो होतो. त्यांनी फोन घेतला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पलीकडून बाई शांतपणे विचारत होत्या, "कंट्रोलर साहेब, मी आर्णीच्या फाट्यावर बसले आहे. आज दिग्रसची गाडी सुटलीच नाही का?"

भाऊजींनी फोन ठेवला. "माह्या हातून काय झालं रे हे," म्हणाले. चहा तसाच राहिला. खिडकीवर दुसऱ्या माणसाला बसवून ते रफीकभाईंच्या ऑटोत जाऊन बसले, आणि त्यांची स्थिती पाहून मीही बसलो. मार्चचं ऊन. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली उजाड वावरं. फाट्यावर एकुलती एक बाभूळ आणि तिच्या तुटक्या सावलीत, दगडावर, बाई ताठ बसलेल्या. दोन तास तिथे होत्या. आमचा ऑटो थांबला तरी चेहऱ्यावर भीती दाखवली नाही, पण काठीवरची बोटं पांढरी पडली होती.

भाऊजी खाली उतरले आणि त्यांच्यासमोर चक्क हात जोडून उभे राहिले, जे बाईंना दिसणार नव्हतं. मग म्हणाले, "बाई, चूक माही हाय. माह्या दाताच्या मागून तारा बथवल्या. 'थ' निघून राह्यला. लोकं हाथतील म्हनून मी दिग्रथचं नावच घेतलं नाई."

बाईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "जीभ कुठे तरी अडकतेय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही लपवताय तेही कळलं, म्हणून विचारलं नाही." आणि उठून उभ्या राहत म्हणाल्या, "तारा लपवा, साहेब. गावांची नावं नका लपवू. आम्ही त्यांच्यावर चालतो."

रफीकभाईंनी तोंड फिरवून ऑटोचा आरसा उगाच पुसला. परतताना भाऊजी एकदाच बोलले, तेही स्वतःशीच. "गावाचं नाव गिळलं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली गाडी लागायच्या आधी, त्यांनी माईक सुरू केला. मी दुकानात उभा राहून ऐकलं, रफीकभाईंनी ऑटोचं इंजिन बंद करून ऐकलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपल्या थेवेत अथलेल्या नियंत्रकाच्या दातांच्या मागे तारा बथवण्यात आल्या आहेत. त्या बाहेरून दिथत नाहीत. नियंत्रकाला लकवा झालेला नाही. नियंत्रक दारू पीत नाही. पुढचे काही आठवडे पुथदला पुथद आणि दिग्रथला दिग्रथ म्हटले जाईल, तरी प्रवाशांनी थमजून घ्यावे. तथदीबद्दल क्षमथ्व."

मग फलाटावरून धोतर नेसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर करून ओरडून सांगितलं, "थमजलं, थाहेब!" आणि अख्खा स्टँड हसला. मी खिडकीकडे पाहिलं. भाऊजींनी आधी तोंडावर हात नेला, मग खाली घेतला, आणि तेही हसले, मोकळे, पुढे आलेल्या सगळ्या दातांसकट. डेपो मॅनेजर स्वतः येऊन पाठीवर थाप मारून गेले.

ही बातमी ताईकडे भाजीवालीबरोबर पोचली. ताई तडक स्टँडवर आली. "साऱ्या तालुक्याले सांगितलं, आन् मले नाई?" तिचे डोळे भरून आले होते आणि हात कमरेवर होते. "चार दिवस मी देवापाशी काय काय बोलली, तुम्हाले काय मालूम!" मग तिनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि भर खिडकीत हुकूम केला, "आ करा." तिनं आत डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "अव माय! हे तं वावराले आतून कुंपन घातलं." आणि मग हलकेच, "जीभ केवढी सोलली. दुखत असन ना?" भाऊजींनी मान हलवली. त्या दिवसापासून ताईनं घरात खिचडीला तूप दुप्पट केलं.

संगीताच्या बाईंनी मात्र शिक्षा केली. त्या रोज गाडीच्या दहा मिनिटं आधी खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. "म्हणा, सा." भाऊजी म्हणायचे, "था." "जीभ दातांना लावू नका. खाली ठेवा, टोक सैल. हवा मधून जाऊ द्या. सा." "था." प्रवासी खिडकीशी गोळा व्हायचे. रफीकभाई तर एक दिवस वैतागून म्हणाले, "बाईजी, इनको रे ग म से चालू करो ना, सा बाद में देख लेंगे." बाई हसून म्हणाल्या, "सा लागल्याशिवाय पुढं जाता येत नाही." असे पाच आठवडे गेले असतील. एका सकाळी मी गिऱ्हाइकाला रजिस्टर मोजून देत होतो आणि पलीकडून आलं, "सा." स्वच्छ. लांब. बाईंनी काठी खाली दोनदा आपटली. त्यानंतर आलेल्या घोषणेत भाऊजींनी पुसद, दिग्रस, सहा, बस, सर्व, एकेक शब्द असा म्हटला की जणू उपाशी माणूस जेवतोय. गरज नसताना "सावकाश चढावे" असंही जोडलं.

पुढे दीड वर्षानं तारा निघाल्या. दात ओळीत आले, हलायचे थांबले, हिरड्या बऱ्या झाल्या. आवाज तोच राहिला, चेहरा मात्र बदलला. फोटोत भाऊजी रुबाबदार दिसायला लागले. कॉलेजातली मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही हीरो दिसून राह्यले." भाऊजी खूश. त्या दसऱ्याला ते सोनं द्यायला आईकडे निघाले. त्यांची आई राळेगावकडच्या एका खेड्यात धाकट्या मुलाजवळ राहते. ताई होती, मीही होतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. इतके दिवस तिला मुलगा आवाजानंच कळायचा. आता कुठे स्पष्ट दिसायला लागलं होतं. भाऊजींनी वाकून आपट्याची पानं तिच्या हातात दिली, पाया पडले आणि वर बघून हसले.

आईनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. अंगठा वरच्या ओठावरून फिरवला. म्हणाली, "दात कुठी गेले तुह्ये?"

"सारे हायेत, आये. सरळ केले. ते राह्यले असते तं पडले असते."

"बरं केलं," ती म्हणाली. पण हात काढले नाहीत. मग म्हणाली, "तुह्या मामाचे दात होते ते. तो तरनाच गेला, त्याचा फोटो बी नाई एक. तू हासला का मले तो दिसे."

डॉक्टरीणबाईंनी जिन्यापर्यंत येऊन सगळे फायदे-तोटे सांगितले होते. हा तोटा त्यांना तरी कुठून ठाऊक असणार? ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी अंगणाकडे.

मग चाळीस गावांची नावं न अडखळता घेणारे भाऊजी आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. खालचा ओठ आत ओढून घेतला, वरचा ओठ दातांवर उचलून धरला, जबडा जरा मागे नेला, आणि हसले. "असा हासे का मामा?"

आईनं डोळे बारीक करून पाहिलं. "नाई रे," म्हणाली. "डाव्या अंगाचा जरा अजून वर."

भाऊजींनी डावीकडचा ओठ आणखी वर उचलला. आई बघत राहिली. तिच्या हातातली पानं एकेक करून मांडीवर गळत होती. भाऊजींचे गाल थरथरायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिची नजर हटेपर्यंत त्यांनी तो चेहरा हलू दिला नाही.